बाईंना न कळलेला नमस्कार

बाई,

काल कोनची येऊन गेली. तिला नाव आहे आणि ते तुम्हाला माझ्या नावाच्या आधी आठवायचं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. ती कोन गावची, म्हणून तुमच्या आठवीच्या वर्गात मी तिला 'कोनची' म्हणायला लागले, आणि आता पन्नाशी उलटली तरी माझ्याकडे ती कोनचीच आहे. येताना तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन आली. माझ्याच ओट्याशी उभी राहून चहा तिनं केला, साखर माझ्यापेक्षा चमचाभर जास्त घातली, आणि कपावर फुंकर घालत दरवर्षी म्हणते तेच म्हणाली, "बाईंचे पाय माझ्यामुळं गेले गो. श्रावणात फोनवर बोलल्या होत्या, पाय जड वाटतात म्हणून. मी बोलली, वय झालं बाई तुमचं. तवाच आली असती तर बाई नीट चालल्या असत्या." मी म्हटलं, "तसं काही नाही गं." हे वाक्य मी अशा स्वरात म्हणते की ऐकणाऱ्याला 'तसंच आहे' असं ऐकू यावं. तो स्वर तुम्हाला चांगला माहीत आहे. ती डबे धुऊन, पुसून, पिशवीत घालून गेली आणि आज मी हे लिहायला बसले. तुमच्या पायांचं ते चार महिन्यांचं ओझं ती गेली अठरा वर्षं उगाच वाहते आहे. ते माझं आहे. हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला सांगते आहे.

पण मला आधी माझी बाजू मांडू द्या. पूर्वपक्ष आधी आणि सिद्धान्त मागाहून, ही तुमचीच शिकवण. संस्कृतात या रोगाला शब्दांची टंचाई नाही. ईर्ष्या आहे, असूया आहे, मत्सर आहे, आणि तुम्ही आम्हाला त्यांच्यातले बारीक फरक फळ्यावर लिहून समजावले होते. मला तेव्हाही फरक समजला नाही, कारण तिन्ही एकदम होत होते. मी तुमची पहिली विद्यार्थिनी. सगळी रूपं, सगळे धातू, न अडखळता. मी म्हणून दाखवलं की तुम्ही मान हलवायचात आणि पुढचं पान उलटायचात. मग तिची पाळी. ती उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, आणि द्विवचनाशी आली की अशी काही घसरायची की देव, देवळं आणि पुजारी सगळे एकाच विभक्तीत येऊन बसायचे. "बाई, मना न्हाय जमत. दोघांसाठी येगळं कशाला पायजे? दोघं म्हंजे बी जास्तच ना?" आणि तुम्ही हसायचात. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या अचूकपणाला एक मान आणि तिच्या चुकीला एवढं हसू! मी एकदा घरी मुद्दाम चुकायचा सराव करून आले होते, बाई. वर्गात चुकले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "बरं वाटत नाही का?"

सहामाहीच्या आधी तिच्या एका वाक्यावर मी हसले, म्हणजे नाकातून. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत, आणि तास संपल्यावर म्हणालात, "हसता येतंय, तर शिकवताही येत असेल. उद्यापासून मधल्या सुट्टीत तू तिला शिकवायचं." वर्षभर मी तिला शिकवलं. ती पस्तीस गुणांनी पास झाली, मी वर्गात पहिली आले, आणि तुम्ही तिच्या घरी कोनला पेढे घेऊन गेलात. माझं घर तुमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होतं. दहावीनंतर तुम्ही आम्हा दोघींना घरी बोलावलंत. मला शब्दकोश दिलात, नवा, कापडी बांधणीचा, आत तुमच्या अक्षरात आशीर्वाद. आणि तिला तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलंत. "नर्सिंगला जाणार म्हणतेस. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो." शब्दकोश दुकानात मिळतो, बाई. तुमच्या मनगटावरची ऊब असलेलं घड्याळ कुठे मिळतं? पुढं मी तुमच्याच शाळेत तुमच्याच जागी संस्कृत शिकवायला लागले, तुमच्याच खुर्चीत बसले, आणि तरी तुम्ही रिक्षातून जाताना कोणी विचारलं की तुमची विद्यार्थिनी कुठे असते, तर तुम्ही सांगायचात, "ठाण्याला. मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे. मेंदू-मणक्याच्या वॉर्डात."

तर ती गुरुपौर्णिमा. तुम्ही निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. भिवंडीतलं तुमचं ते पहिल्या मजल्यावरचं घर, खाली कापडाचे लूम, दिवसभर जमीन थरथरते आणि आपण दोघी सवयीनं ओरडून बोलतो. दार नेहमीसारखं उघडं. तुम्ही पलंगाच्या कडेवर बसला आहात, पाय खाली सोडलेले, तोंड खिडकीकडे, कानाला फोन. तुमचा रिवाज ठरलेला होता. पायाला बोटं लागली की लगेच, म्हणजे अगदी त्याच क्षणी, डोक्यावर हात यायचा. हातातलं काम, तोंडातलं वाक्य काही असो. आम्ही मुली म्हणायचो की बाईंच्या अंगठ्याला बटण आहे. मी बाजूनं आत आले, वाकले, दोन्ही पायांना हात लावला. हात आला नाही. तुम्ही फोनवर हसत होतात. तेच हसू, पदराआडचं. पलीकडे कोण आहे ते मला विचारावं लागलं नाही. मी वाकलेलीच राहिले. अंगठे दाबले. मला आठवतं, चांगले दाबले, लहान मूल आईचं लक्ष वेधायला पदर ओढतं तसे. तुम्ही म्हणालात, "अगं, मग त्या पेशंटनं काय केलं?" आणि पुन्हा हसलात.

मी उठून पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. त्या आवाजानं तुम्ही वळलात. "अगं, तू कधी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच." तुम्ही फोन ठेवलात आणि चहा टाकायला उठलात, तेव्हा एक चप्पल पलंगाशीच राहिली. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि अनवाण्या पायाचा चवडा जरा घासत तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. तुम्हाला पत्ता नव्हता. मी ती चप्पल बघितली, बाई. बघितली आणि मनात म्हटलं, तिच्याशी बोलून इतकं गुंग व्हायला होतं की चपलेचंही भान राहत नाही. त्या दोन गोष्टींमधून दुसरं काही अनुमान निघू शकेल हे मला, जिनं धूर दिसला की अग्नी मानावा हे तुमच्याकडून तोंडपाठ केलं होतं, तिला सुचलं नाही. धूर दिसला आणि मी अनुमान काढलं की कोणीतरी माझ्या डोळ्यांत मुद्दाम धूर सोडतंय.

चहा न घेता मी निघाले. आणि नंतर आले नाही. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. दोन गल्ल्या सोडून राहत होते. गणपतीत तुमची शेजारीण बाजारात भेटली, म्हणाली, "बाई हल्ली जिना भिंत धरून चढतात हो. दोनदा तोल गेला. तुम्ही येत नाही वाटतं?" मी म्हटलं, "शाळेत फार काम आहे." मनात म्हटलं, असेल तोल जात, तर तिला बोलवा, सिस्टरला. माझ्या नमस्काराची तर तिथं कोणाला गरज नाही. चार महिने मी रोज ठरवत होते की तुम्ही बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि तुम्ही, मागाहून कळलं, शेजारणीला सांगत होतात की तिला शाळेत काम असतं, बोलावू नका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "ए पंडितीण." मला जगात ही हाक मारणारी एकच. "बाईंच्या घरी ये. आत्ता. चप्पल घालत ये पण ये." मी गेले तर ती जमिनीवर बसली होती, तुमचा पाय मांडीवर घेऊन, आणि केसांतली पिन काढून टोकानं तळव्यावर हळू टोचत होती. "बाई, डोळे मिटा. आता? आता? हे कळतं का? टोचतंय का नुसता हात लागतोय?" तुम्ही डोळे मिटून, शाळेत तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या, प्रत्येक वेळी जरा थांबून म्हणत होतात, "नाही. नाही. बहुतेक नाही." पिन गुडघ्यावर आली, मांडीवर आली, पोटापर्यंत आली, आणि बेंबीच्या जरा वर तुम्ही दचकलात. "इथं कळलं!" तिनं पिन परत केसांत खोचली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला असेन. "पट्टा आवळल्यासारखं वाटतं ना हितं? लघवीला थांबायला लागतं? कवापासून?" तुम्ही म्हणालात, "अगं, तुला कसं कळलं?" ती माझ्याकडे वळली. "ही मणक्यातली भानगड हाय. आजच न्यायचं." पाचच मिनिटांत तिनं, बाई, एका केसांच्या पिनेनं. आणि माझ्या दहाही बोटांना चार महिन्यांपूर्वी काही कळलं नव्हतं.

खालून लूमवरचे दोघे कारागीर आले, सुताचे जड बीम उचलणारे. तुम्हाला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचं होतं. ती पुढं उलटी पायऱ्या उतरत त्यांना सांगत होती, "भैया, सीधा रखो. बीम उठाते हो ना, वैसा. टेढ़ा नहीं." त्यातला मोठा म्हणाला, "बहनजी, बीम तो रोज उठाते हैं, गुरुजी पहली बार उठा रहे हैं." तुम्ही हसलात. ठाण्याला तिच्या इस्पितळाकडे जाताना कशेळीला कंटेनरच्या रांगेत गाडी पाऊण तास उभी होती आणि तेवढा वेळ ती तुमच्या नाडीवर बोटं ठेवून तेच घड्याळ बघत होती. मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी. मागं एकाच माणसाला जागा होती.

एमआरआयचं चित्र काचेच्या दिव्यावर लावून सर्जननं दाखवलं. पाठीच्या मध्यावर, मणक्याच्या नळीत, मज्जारज्जूला खेटून एक गाठ. "कॅन्सरची वाटत नाही. हळू वाढणारी, साधी असते. सुपारीएवढी आहे, पण नळीत जागाच तेवढी असते ना. रज्जू दाबला गेलाय. आजी, पायांना कमी कळतंय हे कधीपासून?" तुम्ही म्हणालात, "आजी नको. बाई म्हणा. सगळे म्हणतात." तो तरुण होता, हसला. "बरं, बाई. कधीपासून?" तुम्ही विचार करून सांगितलंत, "दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस." तो चित्राकडे बघत म्हणाला, "इतकं कमी नसणार. आठवून बघा. या गाठीत वेळ महत्त्वाचा. रज्जू जितका जास्त दिवस दाबलेला, तितकं परत येणं कमी." मग आमच्याकडे वळून, "तुमच्यापैकी कोणाला काही लक्षात आलं होतं?" कोनची म्हणाली, "श्रावणात पाय जड बोलल्या होत्या, सर. माझं चुकलं." माझ्या जिभेवर आषाढ होता. एक शब्द. मी पदराचं टोक नीट केलं.

मी स्वतःला समजावलं की शस्त्रक्रिया तर तीच होणार, आषाढ सांगितला काय आणि न सांगितला काय. ते खरंही होतं. अर्धं खरं मला नेहमीच चांगलं पाठ असतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पाच तास आम्ही दोघी त्या लांबट बाकावर बसलो. ती त्या दिवशी रजा काढून आली होती, तरी येणारी-जाणारी प्रत्येक सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. मला कोणी विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी." तिला कोणी विचारलंच नाही. सर्जन बाहेर आला, टोपी काढून म्हणाला, "गाठ सगळी निघाली. आता पाय किती ऐकतात ते बघायचं." तिनं माझा हात धरला. मी धरू दिला. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहा.

आणि मग तुमचं ते कुशीवर वळवणं. दर दोन तासांनी, पाठीला व्रण होऊ नये म्हणून. मला वाटलं, ही तर आपली कामगिरी. घरी सासूबाईंना वर्षभर मी वळवलं होतं. खांद्याला धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं, झालं. कोनची तुमच्या खांद्यांशी, वॉर्डातली मावशी कमरेशी, मी पायांशी. "मी तीन बोलली की सगळ्यांनी एकदम. मान, पाठ, कंबर, पाय, सगळं एका रेषेत. एक, दोन..." मी दोनवर ओढलं. मला पहिलं व्हायची सवय होती. तुमच्या तोंडून आवाज निघाला, 'आई' एवढाच. "ए पंडितीण!" वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली, कारण आम्ही भिवंडीची माणसं लूमच्या आवाजावर मोठी झालेली. "तीन बोलली ना मी? बाई काय गोधडी हाय का, एका टोकानं ओढायला? माझ्या बापानं जनमभर बीम उचलले. दोघं दोन टोकांना, श्वास पण एकत्र सोडायचा. एकानं घाई केली की आतलं सगळं सूत पिळतं, मग लूमवर चढवलं तरी धागा तुटत राहतो. हितं सूत न्हाय, मज्जा हाय." मी छत्तीस वर्षांची, दोनशे मुलांची बाई, पलंगाच्या पायथ्याशी मान खाली घालून उभी. वाटलं, तुम्ही म्हणाल, राहू दे गं, तिला माहीत नव्हतं. तुम्ही उशीत तोंड अर्धं बुडालेलं असताना म्हणालात, "ती सांगते तसं कर."

मी शिकले, बाई. चार दिवसांत असं शिकले की मावशी म्हणाली, ह्या ताईंना इथंच ठेवून घ्या. पाचव्या दिवशी आम्ही तुम्हाला वळवलं आणि तुम्ही विचारलंत, "आज पायांशी कोण होतं? मला काही कळलंच नाही." कोनची अभिमानानं म्हणाली, "पंडितीण!" आणि मग आम्ही दोघीही चादर सारखी करायला लागलो, कारण मी कितीही वाईट वळवलं असतं तरी पायांशी तुम्हाला काही कळणार नव्हतं.

रोज सकाळी सर्जन यायचा. "बाई, डोळे मिटा. अंगठा वर केलाय की खाली?" तुम्ही म्हणायचात, "वर." खाली असायचा. "खाली." वर असायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासलेली तुम्ही, एकदा डोळे उघडून विचारलंत, "नापास?" तो म्हणाला, "ऑक्टोबरची परीक्षा असते ना." दहाव्या दिवशी दुपारी मी बेसिनशी तुमचा कप विसळत होते. मागून तुमचा आवाज आला, "डावा अंगठा. कोणीतरी डावा अंगठा धरला." मी नळ तसाच सोडून वळले. कोनची पायांशी होती, टाचेला तेल लावत होती, आणि तिच्या हातात तुमचा डावा पाय. ती रडायला लागली, तुम्ही रडायला लागलात, शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई कारण न कळता रडायला लागल्या. मीही रडले. पण त्याआधी, रडू यायच्या आधी, माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा होता की तिचाच हात का. मी दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ते पाय चोळले होते. कप विसळायला गेले नसते तर.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ते विचारलंत. ती ड्युटीवर पलीकडच्या खोलीत होती. तुम्हाला आम्ही नुकतंच कुशीवर वळवलं होतं, तोंड माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, "मी पडल्या पडल्या मागचं आठवते आहे. गुरुपौर्णिमेला तू आली होतीस. नमस्कार केला होतास का गं?" बाई, तुम्हाला अंगठ्यापासून धागा सापडला होता. मला तिथल्या तिथं कळलं की तुम्ही कशासाठी विचारताय, आणि 'हो' म्हटलं तर पुढचा प्रश्न कोणता येईल. मग तेव्हा मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तेव्हा तुला काय वाटलं? मग तू चार महिने का आली नाहीस? मी म्हटलं, "नाही, बाई. तुम्ही फोनवर होतात. मी घाईत होते." तुम्ही म्हणालात, "मग बरं. मला वाटलं, तू केलास आणि मला कळला नाही." पुन्हा वळवायला दोन तास होते. तुम्हाला मान दुसरीकडे करता येत नव्हती. तुम्ही डोळे मिटलेत.

पुढं बऱ्याच दिवसांनी कोनचीनंच मला सांगितलं, "अगो, त्या वर्षी गुरुपौर्णिमेला तू पाया पडली न्हाय, ते बाईंना लागलं होतं. मना बोलल्या, इतक्या वर्षांत पयल्यांदा." म्हणजे मी तुमचे चार महिने घेतले ते घेतलेच, वर तुम्हाला मिळालेला नमस्कारही परत काढून घेतला.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. वॉकर घेऊन, घरातल्या घरात, आणि चालताना सतत पायांकडे बघत, कारण पाय कुठे पडला हे पायाला सांगता यायचं नाही, डोळ्यांनी बघावं लागायचं. जिना कायमचा बंद झाला. सर्जन म्हणायचा, "एवढं आलं हेही चांगलं. जरा आधी आला असतात तर..." आणि पुढचं बोलायचा नाही, कारण तो सभ्य होता. ते अर्धं वाक्य कोनचीनं उचललं आणि घरी नेलं. पुढच्या गुरुपौर्णिमांना मी वाकले की तुम्ही आधी माझ्या हातांकडे बघायचात, ते पायाला लागले आहेत याची डोळ्यांनी खात्री करून घ्यायचात, आणि मग हात ठेवायचात. मधे एक क्षण जायचा. तो क्षण मला दर वर्षी पुरेसा होता.

तर हे असं आहे. हे पत्र तुम्हाला लिहिलं, आणि ते तुम्हाला पोचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. मेलेल्या गुरूपुढं खरं बोलायला धैर्य लागत नाही. ज्या माणसाला हे सांगायला हवं ते कोनला राहतं, कल्याण रस्त्यावर, रिक्षानं वीस मिनिटं. आज रविवार, तिची सुट्टी. सकाळी मी साडी बदलून, दाराला कुलूप लावून, नाक्यापर्यंत गेलेही होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं, बाई?" आणि मला तिचं घर दिसलं. मी सांगेन, आषाढापासूनच होतं, माझ्या हाताखाली होतं, तुझा श्रावण त्याच्या नंतरचा आहे, तू सुटलीस. ती ऐकेल. मग म्हणेल, "जाऊ दे गो, तुला तरी कसं कळणार होतं," आणि उठून माझ्यासाठी भाकरी टाकेल. मनापासून. एका दमात. अठरा वर्षं स्वतःला जे तिला देता आलं नाही, ते मला देऊन मोकळी होईल.

तिनं मला रागवावं, तर मी आत्ता जाईन. पण ती क्षमा करील, बाई, आणि तुम्ही वरून बघत असाल तर पदराआड हसाल आणि म्हणाल, बघ. ते मला अजून सोसवत नाही. मी रिक्षावाल्याला सांगितलं, कुठं नाही, आणि घरी परत आले.